बिनपिळाचा धागा

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सत्काराच्या निमित्तानं कुणीतरी हमखास विचारतं, की बाई, त्या काळी पुण्याचं एवढं मोठं कॉलेज हाताशी असताना तुम्ही आपल्या गावच्या चिमुकल्या आर्ट्‌स कॉलेजात सायन्स शिकायला कशा काय गेलात? विचारणाऱ्याकडं उत्तर आधीच तयार असतं. मातीची ओढ, आईवडिलांची सेवा, असलं काहीतरी मी म्हणावं आणि त्यानं ते स्मरणिकेत छापावं, एवढंच त्याला हवं असतं. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता ऐंशीच्या घरात आल्यावर कुणाची भीड बाळगायची? खरं सांगायचं तर ते कॉलेज मी रागानं निवडलं. पुण्यावर राग, आप्पांवर राग, आमच्या गल्लीवर राग, आणि ज्या माणसाच्या हाताखाली शिकायचं ठरवलं त्याच्यावर सगळ्यांत जास्त राग. ओढबीढ सगळं नंतरचं.

आमचं घर गावाच्या कडेला वडगावात, विणकरांच्या गल्लीत. घर म्हणजे आधी माग, आणि उरलेल्या जागेत माणसं. पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डे काढून बसवलेले दोन माग होते. एकावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्यावर थोरला भाऊ अण्णा. धोटा पळाला की खट्, फणी ठोकली की धप्. मी पाढे त्या तालावर पाठ केले, भूमितीची प्रमेयंही त्याच तालावर. आवाज थांबला की आम्हाला जाग यायची, चालू असला की झोप लागायची. चुलीशी दोन पातेली कायम शेजारी असत, एक आंबिलीचं आणि एक सुताला लावायच्या खळीचं. दोन्ही जोंधळ्याच्याच पिठाची, दिसायला सारखीच. एकदा अण्णानं घाईत खळीत मीठ घालून ती पिऊन टाकली आणि दिवसभर कुणाला सांगितलं नाही. सकाळी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी आणि हिरवी मिरची, दुपारी भाकरीवर झुणका. लढाई चालू होती, सुतावर कंट्रोल आला होता, आणि आप्पांचा स्वभाव मुळातच तिखट, त्यात ही भर. त्या घरात कुणी कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. आईसुद्धा प्रेम करायची ते ओरडूनच.

माझं काम सांधणीचं. एक साडी उतरली तरी मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे दोरे, मुळापासून काढत नाहीत. त्याचे वीतभर दोरे फणीत तसेच ठेवायचे. त्यांना आम्ही दशा म्हणायचो. नव्या ताण्याचा एकेक दोरा एकेका दशीला जोडायचा. बोटाला चिमूटभर राख लावायची, दोन्ही टोकं जुळवून पीळ द्यायचा, पीळ मागं मोडून पुन्हा चोळायचा. गाठ मारायची नाही, कारण गाठ फणीतून जात नाही. असे दोन हजारांवर दोरे. माझी बोटं बारीक आणि चलाख, त्यामुळं सात वर्षांची असल्यापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शेजारचे विणकर माझी सांधणी बघायला यायचे, आणि आप्पा मान न वळवता म्हणायचे, "माज्या हाताखाली शिकलीया." माझं कौतुक ते असं स्वतःच्याच नावावर करायचे. दशांबद्दल आमच्या गल्लीत एक दंडक होता. माग कधी मोकळा ठेवायचा नाही. दशा कापून माग रिकामा करायचा तो घरचा विणकर मेल्यावर, तेराव्यानंतर. एरवी त्यांना कात्री लावायची नाही.

मॅट्रिकला मला गणितात आणि सायन्समध्ये चांगले मार्क पडले, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी मला पुण्याला पाठवायचा घाट घातला. तिथं मुलींचं वसतिगृह, तिथं मोठी प्रयोगशाळा. आप्पा तीन आठवडे 'न्हाय' म्हणत राहिले आणि मग एका सकाळी अचानक हो म्हणाले. मला वाटलं, पाषाणाला पाझर फुटला. दोन दिवसांनी कळलं, की गल्लीत त्यांनी सांगून ठेवलंय, आमची शेवंता पुण्याला तिच्या आत्तीकडं शिवणकाम शिकायला जाणार. माझं शिकणं त्यांना चालत होतं, फक्त ते कुणाला दिसायला नको होतं.

बाई मला पुण्याला कॉलेज दाखवायला घेऊन गेल्या. मिरजेला गाडी बदलून, कोळशाच्या कणांनी डोळे लाल करून आम्ही पोचलो. ती प्रयोगशाळा बघून माझी छाती दडपली हे कबूल करते. पायऱ्यापायऱ्यांचे बाक, भिंतभर काचेची कपाटं, पितळेची उपकरणं नुसती लखलखत होती. तिथले प्रोफेसर इतके गोड, की साखरेनं लाजावं. "ये बाळ," म्हणाले, "आमच्याकडे मुलींची फार छान व्यवस्था आहे. शेवटचा बाक खास तुमच्यासाठी राखलेला. प्रयोग मुलगे करतात, तुम्ही निरीक्षणं लिहून घ्यायची. मुलींचं अक्षर सुरेख असतं ना! उगाच हाताला काच लागायला नको." मी विचारलं, "वर्षभर कशालाच हात लावायचा नाही?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाई कृतार्थ होऊन हसत होत्या. दोन हजार दोरे जोडून जोडून ज्या बोटांना घट्टे पडले, त्या बोटांना काच लागेल म्हणून हा माणूस हळहळत होता! परतीच्या गाडीत बाईंनी दिलेला लाडू मी खिडकीतून फेकून दिला. बाईंना वाटलं मला गाडी लागली.

गावात एक कॉलेज होतं, खडेबाजाराच्या मागच्या बाजूला, भाड्याच्या घरात. वकिलांची आणि कारकुनांची मुलं तिथं इंग्रजी, इतिहास, लॉजिक शिकायची. सायन्सचा वर्ग नुकताच निघाला होता आणि त्यात सगळी मिळून अकरा मुलं. पुण्याहून आल्यावर जी अमावस्या आली, त्या दिवशी मी घरातून निघाले. अमावस्येला आमच्याकडं माग बंद, सगळी पुरुषमंडळी झोपलेली किंवा पत्ते कुटत बसलेली. फॉर्म आणायचा, नुसता बघायला, असं मी मनाला सांगितलं. सायन्सची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या अंगणातला पत्र्याचा गोठा होता. गव्हाणी अजून तशाच होत्या, त्यांत बाटल्या मांडलेल्या. आत एक किडकिडीत गृहस्थ गुडघ्यांवर बसून एका काचेच्या पेटीला शिव्या घालत होते. तेच सायन्स शिकवणारे हेरेकर सर.

"फॉर्म ऑफिसात मिळतो," मान वर न करता ते म्हणाले. मी म्हटलं, मला सायन्सचा हवाय. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "मुलींसाठी लॉजिक आहे. जा." मी हलले नाही. पेटीत चुंबकाची छोटी पट्टी आडवी पडली होती. ती रेशमाच्या एका धाग्याला टांगलेली असायची, हलवून सोडली की झुलत झुलत शेवटी उत्तर-दक्षिण थांबायची. तो धागा तुटला होता, आणि सरांची अनाडी बोटं त्याला गाठ मारण्याचा प्रयत्न करत होती. मला ते बघवेना. मी न विचारता खाली बसले, खिडकीतल्या उदबत्तीच्या घरातली राख बोटाला लावली आणि धागा सांधून दिला. श्वास दोनदा घ्यावा तेवढा वेळ लागला. सरांनी डोळे बारीक करून पाहिलं, जोड त्यांना सापडेना. पट्टी टांगली. ती झुलली, हळूहळू थांबली, आणि थांबली ती भलतीकडंच तोंड करून. मग आपणहून पुन्हा फिरायला लागली.

सर असे काही ओरडले, की ऑफिसातला शिपाई धावत आला. "पीळ! पीळ घातलास तू याला! अगं, धागा आपल्या जोरावर पट्टीला फिरवणार, मग पृथ्वीचं मी काय मोजू, कपाळ? या धाग्याला स्वतःचा जोर असता कामा नये. बिनपिळाचा हवा, बिनपिळाचा! कळतं का? विचार न करता हात घालायची अक्कल कुणी शिकवली तुला?" माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. सांधणीवरून मला आजवर कुणी एक शब्द बोललं नव्हतं. पण ओरडून झाल्यावर त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली आणि खेकसले, "आता बघत काय बसलीस? सोड तो जोड. परत विचार कर." घरी येताना रेल्वेफाटकाशी गाडी जाईपर्यंत उभी होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसानं मला मुलगी म्हणून हाकललं, ते तेवढंच. नंतर त्यानं मला चूक म्हणून झापलं, आणि चूक का ते सांगितलं. असं मला आयुष्यात कुणी झापलं नव्हतं. पुण्याचा तो गोड हात अजून माझ्या डोक्यावर चिकटल्यासारखा वाटत होता. फाटक उघडेपर्यंत माझा निर्णय झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा नवा ताणा मागाला लावून माझी वाट बघत होते. मी सोप्यात उभी राहूनच सांगितलं, पुण्याला जात नाही, गावातल्या कॉलेजात जाते.

आप्पांचा हात थांबला. "गावात? हितं? गल्लीच्या तोंडावरनं रोज पोरांच्यात पुस्तकं घिऊन जानार तू?"

"व्हय."

"पुण्याला जा म्हनलं की तुला! तितं कोन बघतंय? हितं हज्जार डोळं हाईत. मी तोंड कुठं लपवू?"

"लपवायचं कशाला? मी चोरी केलीया काय? आन् शिकणं चोरी असंल, तर ती पुण्यात केली की माफ व्हतीया व्हय?"

अण्णाचाही माग थांबला. त्या घरात आप्पांना उलट उत्तर मिळालं की दोन्ही माग थांबायचे. आप्पा म्हणाले, "लई बोलाय लागलीस. बस सांधणीला. आक्काला निपाणीला सांगावा धाडतो, दाजीच्या वखारीत एक पोरगं हाय. बगून टाकू." माझी आक्का निपाणीच्या तंबाखूत दिली होती, वर्षाचे बारा महिने शिंकत असायची बिचारी. मी म्हटलं, "मी त्याच कालिजात जाणार. त्या मास्तरानं माझी सांधणी नापास केली, तरी बी तितंच जाणार!"

"गप. बस म्हनलं न्हवं?"

मागाच्या खांबाला कात्री टांगलेली असे. ती माझ्या हातात कधी आली ते मला सांगता येणार नाही, पण पुढचं सगळं स्पष्ट आठवतं. मी खाली बसले, अगदी सांधणीला बसावं तशी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दशा कापून काढल्या. जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला. वहीतून, म्हणजे दोरे वरखाली करणाऱ्या फासांच्या चौकटीतून, आणि फणीतून दोरे सुटून खड्ड्यात पडले, आणि माग मोकळा झाला. आई पिठाच्या हातानं बाहेर आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. "काय केलंस गं हे! बाप जित्ता हाय की गं तुझा!"

आप्पांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खड्ड्यातून वर आले, माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि बंडीच्या खिशात ठेवली. "आता भरायला बस," एवढंच म्हणाले.

मोकळा माग पुन्हा भरायचा म्हणजे प्रत्येक दोरा आधी वहीच्या फासातून आणि मग फणीच्या फटीतून ओवून घ्यायचा. हे एकट्याचं काम नाही. एकानं मागच्या बाजूला बसून दोरा पुढं करायचा, दुसऱ्यानं समोरून आकड्यानं ओढून घ्यायचा. अण्णा तयार झाला नाही. आपल्या मागावर तो इतक्या जोरात फणी ठोकत होता, की भिंतीची माती पडत होती. म्हणून आप्पा आणि मी एकमेकांच्या तोंडासमोर बसलो. मी दोरा द्यायचा, त्यांनी घ्यायचा. मध्ये हातभर अंतर, आणि बोलणं शून्य. आई दोघांना दोन कोपऱ्यांत भाकरी वाढायची. ती भाकरी गिळताना माझ्या मनात पश्चात्ताप होता असं आज लिहिलं तर छान दिसेल. नव्हता. मला फक्त वाटत होतं, की ह्यांनी आधी तोंड उघडावं. मी उघडणार नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं सोप्यात आली होती. आप्पांनी दोरा ओढला आणि सोडलाच नाही. दोन्ही टोकांना आम्ही दोघं.

"सांधनी नापास म्हंजे?"

मी सांगितलं. चुंबकाची पट्टी, तुटलेला धागा, पीळ, सगळं. ऐकता ऐकता त्यांच्या मानेची शीर वर आली. मला वाटलं, आता माझ्यावर. "माज्या हाताखालची सांधनी नापास करतोय? कोन टिक्कोजीराव लागून गेला त्यो? पीळ न्हाय तर जोड धरंल कशानं?"

"त्येंना पीळ नगं हाय आप्पा. अजिबात नगं."

"मग जोडायचाच कशाला? बिनपिळाचं रेशीम घ्यावं की! कातायच्या आदीचं. मास्तर हाय का कोन?" त्यांनी दोरा सोडला, कामाला लागले, आणि दिवसभर मधूनमधून पुटपुटत राहिले, "नापास म्हनं."

चौथ्या दिवशी संध्याकाळी माग भरून झाला. पाचव्या दिवशी सकाळी आप्पांनी पटका बांधला, काळा कोट चढवला आणि काठासाठी आणलेल्या कच्च्या रेशमाची एक लड कागदात गुंडाळून खिशात घातली. "चल. दाव त्यो मास्तर." आम्ही निघालो ते मागच्या बोळातून. वाटेतल्या शहापूरच्या गल्ल्या टाळून, उकिरड्यांच्या कडेनं, कुणी दिसलं की आप्पा माझ्यापासून दहा पावलं पुढं. ती दहा पावलं मी त्यांना आजही माफ केलेली नाहीत.

गोठ्याच्या दारात उभं राहून आप्पांनी खाकरलं. सरांनी विचारलं, "आपण कोण?"

"जी सांधनी तुमी नापास केलीसा, ती शिकवनारा."

"मग चूक तुमची," सर म्हणाले.

मी भिंतीला टेकले. आप्पा म्हणाले, "चूक तुमची. तुटका धागा जोडाय लावलाच कशाला?"

"मी लावला नाही. तुमच्या मुलीनंच न विचारता हात घातला."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ही नवी माहिती होती. "ती खोड हाय तिला," ते म्हणाले, आणि हे तरी त्या दोघांना एकमेकांचं पटलं. मग कागद उघडून त्यांनी लडीतून एक तंतू सोडवला, उजेडात धरला, नखानं आणखी बारीक केला. सरांच्या चष्म्याला तो दिसेना. पट्टीच्या कडीत मीच तो ओवला. पेटी बंद केली. पट्टी झुलायला लागली. आम्ही तिघं गव्हाणीशी वाकून बघत होतो. झोके लहान होत गेले आणि पट्टी थांबली. सरांनी पेटी फिरवली, पट्टी पुन्हा झुलली आणि पुन्हा तिथंच येऊन थांबली. तीनदा केलं, तीनदा तसंच.

शाबास कुणीच म्हणालं नाही. सरांनी विचारलं, "असं रेशीम आणखी आहे तुमच्याकडे?"

"लई हाय. पन पोरीसंगं ईल. एकलं न्हाय येनार."

सरांनी चष्मा पुसला. "मुलींसाठी वेगळी खोली नाही इथे."

"मागावर बी न्हाय."

"बाटल्या स्वतः धुवाव्या लागतील. उशीर झाला तर दार बंद. आणि न विचारता कशालाही हात लावला तर हाकलून देईन."

"द्या हाकलून. पन आदी का चुकलं ते सांगून."

फॉर्मवर आप्पांनी सही केली. सहीला त्यांना साडीचा काठ विणण्याइतका वेळ लागायचा. सर तोवर पाठ फिरवून उभे होते, आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी जेवढं वाईट बोलता येईल तेवढं बोलले. त्या गोठ्यात अकरा मुलं आणि मी, आणि तराजू एकच, पण तो पाळीपाळीनं प्रत्येकाच्या हाती यायचाच. मी फोडलेल्या काचा, भाजलेली बोटं आणि खाल्लेली बोलणी मोजली, तर माझी पदवी त्याच्यातच आली. पुण्याच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या माझ्या वयाच्या एका बाई पुढं मला भेटल्या. अक्षर फार सुरेख होतं त्यांचं.

आप्पांनी मला कापलेल्या दशांबद्दल कधी माफ केलं नाही. खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची, तेव्हा फणी, धोटा, सगळं मांडून मला हळदकुंकू वाहायला बोलवायचे. कात्री मात्र आधी त्यांच्या खिशात जायची. ते गेले तेव्हा अण्णानं ती मला पुढं केली, माग मोकळा करायला. मी घेतली नाही. त्यालाच कापायला लावलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी सवयीनं बोळाकडं वळले. आप्पा वळले नाहीत. पटका नीट केला आणि सरळ खडेबाजारात शिरले, सुताच्या पेढ्यांवर आमच्या गल्लीतली निम्मी माणसं बसलेली असायची त्या रस्त्यानं, बरोबर मधून. मी दहा पावलं मागं राहिले, तर ते थांबून मागं बघू लागले. मी शेजारी येईपर्यंत पुढं सरकले नाहीत. एका पेढीवरून हाक आलीच, "काय आप्पा, सकाळच्या पारी लेकीला घिऊन कुठं गेलतासा?"

"कालिजात," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "भांडाय गेलतो."

फाटकाच्या अलीकडं ते थांबले. माझ्याकडं बघितलं नाही, रुळांकडं बघत होते. "उद्यापास्नं ह्याच रस्त्यानं जायाचं. बोळानं गेलीस तर तंगडं मोडीन."